चिमट्यांची उलटी माळ

सोमवार

पावलं साठ. काठी धरून.

व्यायामवाली बाई म्हणाली, "मावशी, रोज किती चाललात ते लिहून ठेवत जा, मी शुक्रवारी बघेन." म्हणून ही वही. वही कसली, शिशुवर्गाचं कोरं हजेरीपुस्तक आहे. त्या शाळेत मी एकतीस वर्षं मावशी होते. नाकं पुसली, बटणं लावली, चड्ड्या बदलल्या. निघायच्या दिवशी मोठ्या बाईंनी विचारलं, काय देऊ तुम्हाला? तर मी हे मागून घेतलं. हसल्या त्या. माझी शाळा चौथीपर्यंत, पण कोरा कागद दिसला की हात शिवशिवतो.

आता साठ पावलं लिहून झाली आणि पान आहे एवढं मोठं. मग बाकीचंही लिहिते. बाईला वरची ओळ दाखवायची, खालचं हाताने झाकायचं.

पाच महिन्यांपूर्वी मी न्हाणीघरात पडले. खुबा मोडला. तीन तास ओल्या फरशीवर. खालच्या मजल्यावर शिंपीण राहते, चांगली आहे हो, पण तिचं मशीन सकाळी सुरू होतं ते अंधार पडल्यावर थांबतं, त्याच्या आवाजात माझी हाक कुठली जायला! डॉक्टर म्हणाले, आता यांना एकटं ठेवायचं नाही. लेकीकडे जावं तर तिचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि सासरे अंथरुणाला खिळलेले. मग लेकीची लेक आली. मी तिला भिंगरी म्हणते, लहानपणी एका जागी बसेल तर शपथ. आली, आणि राहिलीच. आधी घरून काम करायची. मग कंपनीने सगळ्यांना परत कचेरीत बोलावलं, तर हिने कामच सोडलं. "कंटाळा आला होता गं आजी." बरंच झालं. मला सोबत.

उद्या तिची नव्या ठिकाणी मुलाखत आहे. संगणकावरच, घरी बसून. काय एकेक शोध!

मंगळवार

पावलं मोजायला सवड झाली नाही.

ती आतल्या खोलीत दार लावून बसली आणि मी बाहेर स्टुलावर वाटाणे सोलत. ऐकायला म्हणून नाही, तिथे उजेड बरा असतो. आधी बोलणं, मग टकटक टकटक, आणि माझ्या दहा शेंगाही सोलून झाल्या नसतील तोच आतला माणूस म्हणाला, "एवढ्यात?" एवढ्यात हरली माझी पोर? मग पुष्कळ वेळ ती हळू आवाजात बोलत होती. "घरची अडचण आहे," असं काहीसं. तो म्हणाला, "शनिवारी पाचपर्यंत विचार करा." कसला विचार ते कळलं नाही, शेंग पडली तिच्यामागे वाकले.

बाहेर आली तेव्हा नाक लाल.

"नाही जमलं गं आजी."

"काय विचारलं मेल्यांनी?"

"एक यादी होती. ती उलटी करायची. कितीही लांब असली तरी."

"एवढंच?"

"एवढंच," म्हणाली, आणि माझ्यासमोरचे सोललेले वाटाणे मूठभर तोंडात टाकले. कच्चे.

माझ्या नातीला यादी उलटी करता आली नाही! शिंपिणीचा मुलगा तीनदा नापास झाला तेव्हा मी फार बोलले होते तिला. आता ती माझ्याकडे बघून काय म्हणेल?

बुधवार

पावलं सत्तर.

सकाळी मी तिला बसवलं समोर. "मला सांग काय असतं ते. मला समजलं की तुलाही समजेल."

"आजी, सोड ना."

"सोडायचं काय? एकतीस वर्षं मी पोरांना बुटांच्या नाड्या बांधायला शिकवलं. ज्याला शिकवता येतं त्याला काहीही शिकवता येतं."

मग ती सांगायला लागली आणि किती छान सांगितलं! नाव, पुढचा कोण. नाव, पुढचा कोण. अशी ती यादी. प्रत्येकाला फक्त आपल्या पुढचा ठाऊक. मागे कोण उभा आहे याची कुणालाच खबर नाही. आणि आपल्याला सगळी यादी दिसतच नाही, फक्त पहिला ठाऊक, त्याला धरून पुढे पुढे जायचं. आता ही उलटी करायची म्हणजे प्रत्येकाने पुढच्याला सोडायचं आणि मागच्याला धरायचं.

"अगं, ही तर आमची रांग!" मी ओरडलेच. पोरं बागेत न्यायची तेव्हा एकाने दुसऱ्याच्या सदऱ्याचं टोक धरायचं. अरुंद बोळात उलटं फिरायची वेळ आली, आणि नवीन बाई म्हणाल्या, "सगळे सोडा आणि वळा," की संपलं. निम्मी पोरं जिन्यात, एक माळ्याच्या खोलीत. मला पुरी दुपार लागली होती गोळा करायला.

"तेच," भिंगरी म्हणाली. "एक सुटला की त्याच्या पुढचे सगळे गेले. ते असतात, पण आपल्याला सापडत नाहीत."

हे बोलताना ती खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर काहीच नव्हतं.

गुरुवार

पावलं लिहिणार नाही, आज बसूनच होते. का ते लिहिते.

कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे घेतले बारा. एका चिमट्याच्या तोंडात दुसऱ्याची शेपटी, त्याच्या तोंडात तिसऱ्याची. झाली माळ. पहिला हातात धरून लोंबती ठेवायची. आता उलटी करा! पहिल्याचं तोंड उघडलं आणि खडाड्! अकरा चिमटे जमिनीवर. माझा खुबा तसला, वाकून गोळा करता करता जीव गेला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी चिमट्यांना असं काही बोलले की खालून शिंपिणीने मशीन थांबवून विचारलं, "मावशी, कोण आलंय?"

मग शांत बसले आणि विचार केला. मला तीन जागा पाहिजेत. उजव्या हातात आत्ताचा. डाव्या हातात पुढचा, आधी तो धरायचा, सगळ्यात आधी तो, मगच तोंड उघडायचं. आणि ज्यांचं झालं ते मांडीवर. म्हणजे असं: डाव्या हाताने पुढच्याची शेपटी धर. उजव्यातल्याचं तोंड सोडव. त्याला मांडीवरच्या सगळ्यात वरच्याची शेपटी चावायला लाव आणि तिथेच ठेव. डाव्यातला उजव्यात घे. पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीला मांडीवर कोणीच नसतं, तर पहिला चिमटा नुसताच तोंड मिटून बसतो, त्याला चावायला कोणी नाही. होईना का. तो आता शेवटचा.

बारा झाले! मग कोनाड्यातले, बादलीतले, दोरीवरचे सगळे काढले. अडतीस! कपडे खुर्चीवर टाकले ओले. अडतीसही झाले! आणि गंमत सांगू का, मध्ये कुठेही वेगळं काही करावं लागत नाही. अडतीस असोत नाहीतर तीनशे, हात तेवढंच करतात. एक चिमटा असला तरी जमतं. एकही नसला तरी जमतं, नुसती रिकामी मांडी, तीही बरोबर!

बोटं दुखतात आता लिहिताना. पण काय सांगू, चौथीत गणिताच्या मास्तरांनी मला भोपळा म्हटलं होतं. या म्हणावं आता.

शनिवार

काल व्यायामवाली आली. वरच्या ओळी बघितल्या आणि म्हणाली, "गुरुवारी काय झालं?" म्हटलं, अभ्यास.

आजचा दिवस सोन्याचा. भिंगरीला दुपारी धरून बसवलं. आधी मी करून दाखवलं, ती टाळ्या वाजवत होती. "आजी, तू तर भन्नाट आहेस!" मग म्हटलं, आता तू. तिने माळ उचलली, आणि पहिल्याच चिमट्याला सगळी खाली! "अरेच्चा," म्हणाली. मी रागावले नाही. पोरांवर रागावलं की हात आखडतात. पुन्हा समजावलं. पुन्हा खाली. तिसऱ्यांदाही, अगदी तीच चूक. पुढचा धरायचा विसरते. तिला म्हटलं, "अगं, आधी डावा हात, डावा! कुणी नोकरी देईल का तुला?" तर इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांतून पाणी.

तिचा फोन दोनदा वाजला. तिने तो उपडा करून ठेवला. म्हटलं, बघ तरी कोण आहे. "कोणी नाही. आजी, परत दाखव ना मला, पहिल्यापासून." मग मी पहिल्यापासून दाखवलं. चार वाजले, पाच वाजले. सव्वापाचला वगैरे तिला जमलं. एकदम. अडतीसच्या अडतीस, एकही न पडता, माझ्याहून झरझर. मी तिच्या पाठीवर अशी थाप दिली की काठी पडली माझी.

पाच महिन्यांतला सगळ्यात छान दिवस.

रविवार

पावलं ऐंशी.

कपडे वाळत घालताना चिमटे हातात घेतले आणि काहीतरी टोचलं मनाला. तिचा डावा हात.

शिशुवर्गात काही पोरं असायची, त्यांना बटण लावता यायचं, पण मी लावावं असं वाटायचं. मग यायची समोर, "मावशी, येत नाही." मला लगेच कळायचं. ज्याला खरंच येत नाही त्याचा हात बटणाकडे जातच नाही, कुठेतरी कॉलरवर नाहीतर पोटावर फिरतो. ज्याला येतं त्याचा हात बरोबर काजाशी जातो आणि मग आठवण झाल्यासारखा मागे येतो.

तिचा हात जात होता. पुढच्या चिमट्यापर्यंत जात होता आणि मागे येत होता. तिन्ही वेळा.

सोमवार

भिंगरी औषधं आणायला गेली तेव्हा लेकीला फोन लावला. सरळ विचारलं, मुलाखतीत काय झालं?

लेक म्हणाली, "आई, तू तिला सांगणार नाहीस ना?"

"काय झालं ते बोल."

"निवड झाली होती तिची. सगळ्यांत पहिली आली. ते ठिकाण दोन दिवसांच्या वाटेवर आहे, तिथेच राहावं लागणार. शनिवारी पाचपर्यंत हो कळवायचं होतं. मी दोनदा फोन केला तिला, म्हटलं काहीतरी मार्ग काढू. उचललाच नाही."

"मला घेऊन जायचं की मग."

"डॉक्टरांनी तुला तासाच्या वर गाडीत बसायला बंदी केली आहे, आई. आणि तिथे चार मुलींत एक खोली देतात."

फोन ठेवला. आता खरं लिहायचं तर लिहिते. शनिवारी पाच वाजता मी तिला "आधी डावा हात" शिकवत होते. पण ते नंतर आठवलं. हे सगळं ऐकल्यावर पहिली गोष्ट माझ्या मनात आली ती ही, की म्हणजे आता ती जात नाही. आणि मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू. दोन श्वास टिकला असेल, पण चांगला तोंड भरून आनंद झाला.

मग बाकीचं आलं.

गुरुवार

दोन दिवस काही लिहिलं नाही. तिला वाटलं मला सर्दी झाली आहे. काढे करून दिले.

आज जेवणं झाल्यावर ती भांडी घासत होती, पाठ माझ्याकडे. म्हटलं, "किती वेळ लागला होता गं तुला यादी उलटी करायला?"

हात थांबले. "आईने सांगितलं?"

"तुझ्या हाताने सांगितलं. आईने नंतर."

"चार मिनिटं."

"फक्त?" मला अभिमान वाटला, काय करू! "मग मला का सगळे चिमटे पाडून दाखवलेस?"

"तू इतकी खूश होतीस गं. तू पडल्यापासून मी तुला इतकं खूश बघितलंच नव्हतं."

"म्हणजे मी तुला शिकवत होते की तू मला रमवत होतीस?"

"दोन्ही."

"आणि नोकरी?"

"मलाच जायचं नव्हतं."

"खोटं."

"अर्धं खरं आहे, आजी. मला भीती वाटते. तिकडे कोणी ओळखीचं नाही. आणि समजा गेले, आणि तू परत पडलीस, तर? मी दोन दिवसांच्या वाटेवर, आणि तू फरशीवर." मग तिने नळ इतका मोठा सोडला की पुढे काही ऐकूच येईना.

मी नळ बंद केला. हो, काठीशिवाय चार पावलं गेले आणि बंद केला. म्हटलं, "ऐक. तू इथे राहिलीस तर मी रोज सकाळी तुला बघून आनंदणार, आणि रोज दुपारी मला त्याची लाज वाटणार. असं किती दिवस काढू मी?"

ती माझ्या खांद्यावर तोंड खुपसून रडली. साबणाच्या हातांनी. पाठ भिजली माझी.

बुधवार

शिंपिणीला घेऊन रिक्षाने जाऊन आले. म्हाताऱ्यांच्या निवासात. वीस मिनिटं लागली, खुब्याने तक्रार केली नाही. शिंपीण सगळ्या वाटेत बडबडत होती. "मावशी, डोकं फिरलं का तुमचं? लोकांना उचलून न्यावं लागतं तिथे, आणि तुम्ही स्वतःच्या पायाने निघालात!"

"एकाच पायाने. दुसरा दुखतो."

तिला हसू आलं नाही. तीन तास मी फरशीवर होते त्या दिवसाचं ती अजून मनाला लावून घेते.

जागा स्वच्छ आहे. एका खोलीत तीन खाटा, न्हाणीघरात धरायला दांडे, खाटेशी घंटा. व्यवस्थापक बाईंना म्हटलं, नातीला नोकरी लागली की येते, तोपर्यंत खाट राखून ठेवा. त्या म्हणाल्या, "आजी, इथे खाटा राखून ठेवत नाही. आज एक रिकामी आहे. पुढच्या आठवड्यात नसेल."

मी दाराशी उभं राहून विचार केला. मी घरात असेपर्यंत ती हो म्हणणारच नाही कुणाला. आधी मला निघायला पाहिजे.

म्हटलं, "आजच माझं नाव लिहा. सोमवारी येते."

शनिवार

घरात नुसती लढाई. "मी नाही पाठवणार तुला!"

"तू कोण पाठवणारी? मी जाते आहे."

"का पण?"

"तुझ्याशी बोलायला माझ्याकडे विषय राहिले नाहीत."

"तुझ्याकडे? विषय?" रडता रडता हसायला लागली. "आजी, तू दूधवाल्याशी पाऊण तास बोलतेस गं."

"म्हणून तर. तिथे माझ्या वयाचे वीस जण आहेत. दोन वर्षं पुरतील."

संध्याकाळी बघते तर माझी पिशवी भरत होती. मोजे जोडीजोडीने गुंडाळून. औषधांवर मोठ्या अक्षरांत सकाळ, दुपार, रात्र. मी खोलीत गेले तर म्हणाली, "मी तुला थांबवत नाहीये म्हणून तुला वाईट वाटतंय का?"

"छे," म्हटलं. वाटत होतं.

मंगळवार

नवीन जागा. बाजूच्या खाटेवर एक तिकीट तपासनीस बाई आहेत, निवृत्त. सगळ्यांकडे असं बघतात जणू आपण फुकट चढलोय. त्यांना यादीची गोष्ट सांगितली. म्हणाल्या, "मग काय झालं?" म्हटलं, अजून व्हायचंय.

त्यांना भेटायला कुणी येत नाही. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं.

गुरुवार, तीन आठवड्यांनी

भिंगरीचा फोन. नोकरी लागली! पहिली नव्हे, दुसरी, तीही तितकीच लांब. याही खेपेला तसलंच काही विचारलं होतं म्हणाली, आणि चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी इतक्या जोरात "वा!" म्हटलं की तपासनीस बाई दचकून उठल्या. सगळ्या वऱ्हांड्यात सांगून आले. स्वयंपाकघरातसुद्धा.

रविवारी सकाळी गाडी आहे. म्हणाली, "आधी तुझ्याकडे येते. तासभर बसू."

मी म्हटलं, "नको. उलट्या दिशेला आहे हे. गाडी चुकेल. तू सरळ जा."

"आजी, चुकणार नाही गं, मी लवकर निघते."

"सरळ जा म्हणते ना!" जरा ओरडूनच बोलले वाटतं. ती म्हणाली, "बरं."

आली असती तर मी तिचा हात सोडला नसता, एवढं मला माझं माहीत आहे.

रविवार

नाश्ता झाल्यावर पुढच्या दाराशी खुर्ची लावून घेतली. जेवायलाही तिथेच बसले. व्यवस्थापक बाई दोनदा येऊन गेल्या, "आजी, कुणाची वाट बघताय का?"

नाही म्हटलं. दाराशी ऊन चांगलं येतं.